विष चढते म्हणजे काय? : चेतासंस्थेच्या कार्याची ओळख

१. प्रास्ताविक

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील शेतीशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना रात्री उसाला पाणी पाजणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते, म्हणून माणूस अंधारात बांधावर उभा राहतो. पाचटात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतो. दंश झाल्यावर घरी, वाडीत, रुग्णालयाच्या वाटेवर जी भाषा कानी पडते तीही ठरलेली असते. 'विष चढले', 'विष डोक्यात गेले', 'त्याने मान टाकली', 'शुद्ध हरपली' हे शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत.

या शब्दप्रयोगांमागे शरीराविषयीची एक कल्पना आहे. विष पायातून वर सरकते, मेंदूत पोहोचते आणि माणूस बेशुद्ध होतो, अशी ती कल्पना. नाग आणि मण्यार या दोन सापांच्या बाबतीत ती शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. या सापांचे विष मेंदूवर हल्ला करीत नाही. मेंदूने दिलेली आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर ते तिला अडवते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. रोग्याला मृत समजायचे की जिवंत, त्याला कोठे न्यायचे आणि किती दिवस धीर धरायचा, हे सर्व या फरकावर अवलंबून आहे.

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला चेतासंस्थेची रचना थोडक्यात सांगता येईल. संदेश विद्युत आणि रासायनिक अशा दोन रूपांत कसा प्रवास करतो हे स्पष्ट करता येईल. आणि सर्पदंश, विंचूदंश व कीटकनाशकाची बाधा यांत दिसणारी लक्षणे चेतासंस्थेच्या आधारे समजून घेता येतील.

२. चेतासंस्थेची रचना

चेतासंस्थेचे दोन मुख्य भाग आहेत. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. त्यांच्यापासून निघून शरीरभर पसरलेल्या चेतांची मिळून परिघीय चेतासंस्था होते. मेंदूपासून चेतांच्या १२ जोड्या निघतात, तर मेरुरज्जूपासून ३१ जोड्या. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते आणि मेरुरज्जूची लांबी साधारण ४५ सेंटीमीटर असते.

बोलीत आपण 'नस' किंवा 'शीर' हा शब्द रक्तवाहिनीसाठीही वापरतो आणि चेतेसाठीही. शास्त्रीय लेखनात मात्र हा भेद पाळावा लागतो. रक्तवाहिनीतून रक्त वाहते; चेतेतून काहीही वाहत नाही, तिच्यातून संदेश जातो. जुन्या पुस्तकांत तुम्हाला 'मज्जासंस्था' आणि 'मज्जातंतू' हे शब्द आढळतील. आजच्या पाठ्यपुस्तकांत 'चेतासंस्था' आणि 'चेतापेशी' हे शब्द रूढ झाले आहेत. आपणही तेच वापरणार आहोत.

या संस्थेचा मूळ घटक म्हणजे चेतापेशी. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक चेतापेशीला एक पेशीकाय असते, संदेश स्वीकारणाऱ्या फांद्यांसारख्या वृक्षिका असतात आणि संदेश पुढे नेणारा एक लांब अक्षतंतू असतो. पेशीकाय नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण मेरुरज्जूच्या खालच्या भागापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा एकच अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असू शकतो.

कामाच्या दृष्टीने चेतापेशींचे तीन प्रकार मानतात. त्वचा, डोळे, कान यांच्याकडून वार्ता आत आणणाऱ्या त्या संवेदी चेतापेशी. आज्ञा बाहेर स्नायूंकडे नेणाऱ्या त्या प्रेरक चेतापेशी. या दोहोंना जोडणाऱ्या त्या सहयोगी चेतापेशी. हा भेद नीट लक्षात ठेवा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

३. संदेश कसा धावतो?

चेतापेशी विश्रांत असते तेव्हा तिच्या पटलाच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित असते. हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्टचा असतो. पटलाबाहेर सोडियमचे विद्युतभारित कण जास्त असतात आणि आत पोटॅशियमचे. पटलावर या कणांसाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश येताच सोडियमची दारे क्षणभर उघडतात, कण आत शिरतात आणि त्या जागचा विद्युतभार उलटतो. त्यामुळे शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. अशा रीतीने ही लाट अक्षतंतूच्या टोकापर्यंत जाते. मागची दारे लगेच मिटतात, म्हणून लाट परत फिरत नाही.

काही अक्षतंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. अशा जाड तंतूंतून संदेश सेकंदाला १०० मीटरपेक्षाही अधिक वेगाने जाऊ शकतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत हा वेग सेकंदाला सुमारे एक-दोन मीटरच असतो. बाभळीचा काटा पायात मोडला की आधी तो टोचल्याचे कळते आणि ठणका क्षणभराने मागून येतो. वेदनेची वार्ता दोन निरनिराळ्या गतींच्या तंतूंतून येते, त्याचा हा परिणाम.

काटा टोचताच, तो टोचल्याची जाणीव होण्यापूर्वीच, पाय उचलला जातो. येथे संवेदी चेतापेशीने आणलेली वार्ता मेरुरज्जूतच प्रेरक चेतापेशीला मिळते आणि मेंदूच्या निर्णयाची वाट न पाहता स्नायू आकुंचन पावतो. हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

४. चेतासंधी : जेथे रस्ता संपतो

अक्षतंतूच्या टोकाशी एक अडचण उभी राहते. चेतापेशीचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकी फट असते. विद्युतलाट ही फट ओलांडू शकत नाही.

कृष्णेवर पूल नव्हते तेव्हाची व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. गाडीवाट काठाशी संपते. पुढे नाव लागते. पलीकडच्या घाटावर उतरले की पुन्हा वाट सुरू होते. येथेही तसेच घडते. विद्युतसंदेश टोकाशी येताच तेथील सूक्ष्म पिशव्यांतून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन फटीत सोडले जाते. ही आपली नाव. ते पलीकडे जाऊन स्नायूच्या पटलावरील ग्राहींना चिकटते. हा घाट. ग्राही उघडतात आणि स्नायू आकुंचन पावतो. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडते.

काम झाल्यावर नाव घाटावर पडून राहिली तर स्नायू आकुंचित अवस्थेतच अडकेल. म्हणून फटीत एक विकर सतत हजर असते. अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज हे त्याचे नाव. ते अ‍ॅसिटिलकोलीनचे तत्काळ विघटन करते आणि घाट पुढच्या नावेसाठी मोकळा होतो. चेता आणि स्नायू यांच्या या जागेला चेता-स्नायू संधी म्हणतात. दोन चेतापेशींमधील अशा जागेला चेतासंधी म्हणतात.

तेव्हा या वाटेवर बिघाड होण्याच्या तीन जागा आहेत : अलीकडचा काठ, पलीकडचा घाट आणि घाट मोकळा करणारे विकर. आपल्या परिसरातील तीन विषे नेमकी या तीन जागी काम करतात.

५. नाग आणि मण्यार

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील जिवंत नागांच्या पूजेवर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि न्यायालयाचे आदेश यांमुळे निर्बंध आले. ज्या नागाला आपण इतके ओळखतो, त्याच्या विषाचे काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

नागाच्या विषातील चेताविष पलीकडच्या घाटावर जाऊन बसते. ते स्नायूवरील ग्राही अडवून ठेवते. मेंदू आज्ञा देतो, चेता ती पोहोचवते, अ‍ॅसिटिलकोलीन फटीत सुटतेही. पण त्याला उतरायला जागा नसते. मण्यारीच्या विषाचा मुख्य घटक अलीकडच्या काठावर काम करतो. तो चेतेचे टोकच नष्ट करतो. नावा संपतात आणि काठही ढासळतो.

दोन्ही दंशांत दिसणारा पक्षाघात सारखाच असतो. आधी पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाच्या जागी दोन दिसतात. मग बोलणे अडखळते, गिळता येत नाही, तोंडात लाळ साचते, मान सावरत नाही. शेवटी श्वासपटल आणि छातीचे स्नायू थकतात आणि श्वास थांबतो. 'मान टाकली' हा शब्दप्रयोग निरीक्षण म्हणून अचूक आहे. मानेचे स्नायू खरोखरच आज्ञा ऐकेनासे होतात.

दंशाच्या जागी मात्र दोहोंत मोठा फरक असतो. नागाच्या दंशाने वेदना आणि सूज येते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात लहान असतात, वेदना जवळजवळ नसते आणि खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, किंवा त्याच्या पापण्याच उघडत नाहीत. लक्षणे उमटायला काही तास लागू शकतात. म्हणून 'काही दिसत नाही, म्हणजे काही चावले नाही' हा निष्कर्ष घातक ठरतो.

घोणस आणि फुरसे यांची विषे प्रामुख्याने रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करतात. त्यांचा विचार या घटकात केलेला नाही. आपल्याकडे दिले जाणारे प्रतिविष मात्र नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार करतात.

६. शुद्ध हरपते का?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो. मोठ्या रेणूंना तो सहजासहजी ओलांडता येत नाही. नाग आणि मण्यार यांच्या विषातील चेताविषे अशीच मोठी प्रथिने आहेत. त्यामुळे ती मेंदूत शिरत नाहीत. संवेदी चेतांचे कामही बव्हंशी चालू राहते. तुटते ते केवळ आज्ञा आणि स्नायू यांचे नाते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. डोळे मिटलेला, हाक मारली असता न हलणारा, शब्द न उच्चारणारा रोगी आपले बोलणे ऐकत असू शकतो. उत्तर द्यायला जीभ, पापणी, बोट असा एखादा स्नायू लागतो आणि नेमके तेच त्याच्या हाती उरलेले नसते. मण्यारदंशाच्या गंभीर अवस्थेत बाहुल्यासुद्धा प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होतात. त्यामुळे जिवंत मेंदूचा रोगी मेंदू मृत झाल्यासारखा भासू शकतो. शुद्ध खरोखर हरपते ती पुढे, श्वास मंदावल्यामुळे मेंदूला प्राणवायू कमी पडतो तेव्हा. म्हणून श्वास चालू ठेवला तर माणूस वाचू शकतो.

उपचारातील फरकही येथेच उलगडतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन नावाचे औषध उपयोगी पडते. ते विघटन करणाऱ्या विकराला काही काळ रोखते. त्यामुळे फटीत अ‍ॅसिटिलकोलीन साठते आणि ते अडलेल्या ग्राहींसाठी विषाशी स्पर्धा करते. मण्यारीच्या दंशात चेतेचे टोकच नष्ट झालेले असल्याने या औषधाचा बहुधा फारसा उपयोग होत नाही. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते, पण झालेली हानी ते भरून काढत नाही. चेतेला नवी टोके फुटावी लागतात. त्याला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. तोवर कृत्रिम श्वसनयंत्र रोग्याचा श्वास चालवते. चौथ्या दिवशीही हालचाल नाही म्हणून नातेवाइकांनी आशा सोडून रोग्याला घरी नेऊ नये, यामागचे शास्त्र हे आहे.

७. फवारणी आणि तिसरी जागा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील द्राक्षबागांत फवारणी हे वर्षभराचे काम असते. शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी क्लोरपायरीफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आपण वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या जागी आघात करतात. ती विकरालाच निकामी करतात. अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन थांबते आणि घाटावर नावांची गर्दी होते.

त्यामुळे लक्षणे नागदंशाच्या उलट दिशेने सुरू होतात. घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात. अति उत्तेजनानंतर अखेर तेही लुळे पडतात. ही द्रव्ये त्वचेतूनही शरीरात शिरतात. म्हणूनच भिजलेले कपडे तत्काळ उतरवणे आणि अंग साबणाने धुणे हा पहिला उपचार ठरतो. अशा रोग्याला रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन देतात. ते ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिका यांवरील अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम रोखते.

येथे एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. निओस्टिग्मिन आणि हे कीटकनाशक एकाच विकराला रोखतात. एक मोजक्या मात्रेत आणि अल्पकाळ रोखते, म्हणून ते औषध. दुसरे बेसुमार आणि दीर्घकाळ रोखते, म्हणून ते विष.

८. स्वायत्त चेतासंस्था आणि विंचू

आतापर्यंत आपण प्रामुख्याने इच्छेने हलणाऱ्या स्नायूंचा विचार केला. हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन, घाम या क्रिया आपल्या इच्छेविना चालतात. त्यांचे नियंत्रण स्वायत्त चेतासंस्था करते. तिचे दोन विभाग आहेत. अनुकंपी विभाग संकटकाळी शरीराला सज्ज करतो; ठोके वाढतात, बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते. परानुकंपी विभाग शरीराला पूर्ववत शांत करतो.

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण येथे आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष ही तोल साधणारी व्यवस्था बिघडवते. तिसऱ्या विभागात पाहिलेली सोडियमची दारे हे विष वेळेवर मिटू देत नाही. चेता अखंड संदेश सोडत राहते. अनुकंपी विभागाचा उद्रेक होतो, हातपाय थंड पडतात, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. लहान मुलांत हा धोका विशेष असतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे गेले की महाड लागते. तेथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रोग्यांचा अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्याच दशकात, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. अनुकंपी संदेश रक्तवाहिन्यांवर जेथे उतरतो, ती जागा हे औषध अडवते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

९. या ज्ञानाचा उपयोग

सर्पदंशामुळे भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे मृत्यू पावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. दंशानंतर पुढील गोष्टी कराव्यात.

रोग्याला धीर द्या आणि चालू देऊ नका. दंश झालेला हात किंवा पाय लाकडी पट्टी बांधून स्थिर ठेवा. अंगठ्या, कडी, जोडवी काढा. आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, तोंडाने विष ओढू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठा. वाटेत श्वास थांबलाच तर कृत्रिम श्वास द्या. लक्षणे नसली तरी रोग्याला चोवीस तास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवा.

मांत्रिकाने 'विष उतरवले' असे अनुभव सांगितले जातात. त्याचे कारण सोपे आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या प्रत्येक दंशात विष शरीरात जातेच असे नाही. असा रोगी कोठेही नेला तरी बरा होतो. ज्याच्या शरीरात मण्यारीचे विष गेले आहे, त्याचा मात्र मंत्र चालू असतानाचा प्रत्येक तास वाया जातो.

भाषेचे विद्यार्थी म्हणून तुमच्याकडे आणखी एक काम येते. रुग्णालयात 'विष चढलंय' एवढेच सांगितल्याने डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. 'रात्री जमिनीवर झोपले होते, पहाटे चारला पोटात दुखू लागले, पाचला पापण्या जड झाल्या, सहाला गिळता येईना' हे सांगितले, तर बिघाड कोठे झाला आहे याचा माग लागतो. नेमके शब्द आणि नेमकी वेळ ही निदानाची पहिली सामग्री आहे. आणि रोगी हलत नसला तरी त्याच्या उशाशी निराशेचे बोलू नका. त्याचे नाव घेऊन, कोठे आहे, काय चालले आहे ते त्याला सांगत राहा. तो ऐकत असण्याची शक्यता असते.

१०. सारांश

चेतापेशीतून संदेश विद्युतलाटेच्या रूपात जातो आणि चेतासंधीवर रसायनाच्या रूपात फट ओलांडतो. मण्यारीचे विष चेतेचे टोक नष्ट करते, नागाचे विष स्नायूवरील ग्राही अडवते, सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक विकर निकामी करते, तर लाल विंचवाचे विष सोडियमची दारे उघडी ठेवते. नाग व मण्यार यांच्या दंशात मेंदूवर थेट आघात होत नाही. श्वास टिकवला तर रोगी वाचू शकतो.

११. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. संवेदी आणि प्रेरक चेतापेशींतील फरक सांगून, सर्पदंशाचा रोगी ऐकू शकतो पण बोलू शकत नाही, याचे कारण लिहा.
२. नागदंशात निओस्टिग्मिन उपयोगी पडते, मण्यारदंशात बहुधा पडत नाही. असे का?
३. चेता-स्नायू संधीचे कार्य स्पष्ट करण्यासाठी या घटकात नावेचा दृष्टान्त वापरला आहे. त्याऐवजी तुमच्या परिसरातील दुसरा दृष्टान्त योजून तेच कार्य दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या गावच्या बोलीत आजार आणि विषबाधा यांविषयी वापरले जाणारे पाच शब्दप्रयोग गोळा करा. प्रत्येकातील निरीक्षण कोणते आणि समजूत कोणती, ते वेगळे करून दाखवा.